मान न धरणारे लेकरू
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मेंदूवर बोलायला उभी राहिले याचे तुम्हांला हसू येईल. घरी तालीम करताना मलाही येत होते.

माझ्या नणंदेची नात चार महिन्यांची झाली तरी मान धरीना. रडत नसे, सारखी निजलेली. आम्ही म्हणायचो, "किती गुणाचे लेकरू!" दाखवले तिथे "वाट पहा" म्हणाले. पाचव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, तेव्हा कळले की गळ्यातली थायरॉईड ग्रंथीच जन्मतः नीट घडलेली नाही.

गळ्यातल्या ग्रंथीचा मेंदूशी काय संबंध? बाईंनी समजावले. विजेच्या तारेवर रबर असते तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण असते. वेष्टण नसलेल्या तंतूतून निरोप सेकंदाला एखाददोन मीटर सरकतो. जाड वेष्टण असले तर शंभर मीटरपर्यंत धावतो. हे वेष्टण गुंडाळणाऱ्या पेशी आधी कच्च्या असतात. शेजारच्या पेशी त्यांना 'वाढा, वाढा' असा रासायनिक निरोप देतात, म्हणून त्या नुसत्या संख्येने वाढतात. थायरॉईडचा रस पोचला म्हणजे 'आता पुरे, कामाला लागा' हा निरोप मिळतो. आपल्या स्टेशनावर सिग्नलशिवाय गाडी हलत नाही, तसेच. लंडनला मार्टिन रॅफ यांच्या प्रयोगशाळेने १९९४ साली उंदरांच्या पेशींवर हे दाखवले.

हा रस आयोडीनवाचून बनत नाही, आणि गर्भाला पहिले काही महिने तो आईकडूनच मिळतो. आमच्या नातीचा दोष मिठाचा नव्हता, हे आधी सांगते. पण आपला खारपाणपट्टा; बायका म्हणतात, पाणीच खारट, पुड्याचे मीठ कशाला? खारटपणा म्हणजे आयोडीन नव्हे, बरे! बिनआयोडीनचे मीठ खाण्यासाठी विकायला २००६ पासून मनाई आहे, तरी लोणच्याच्या नावाने आणलेले जाडे मीठ भाजीत पडतेच. माझ्याही पडत होते.

जन्मल्यावर दोनतीन दिवसांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हा दोष कळतो. पहिल्या पंधरवड्यात गोळी सुरू झाली तर लेकरू बहुधा इतरांसारखेच वाढते. आमची गोळी पाचव्या महिन्यात सुरू झाली. पोर आता तीन वर्षांची आहे. चालते, पण बोलणे मागे आहे. मला 'आई' म्हणते, आजीतला 'ज' जमत नाही.

ज्यांच्या घरी बाळंतपण आहे त्यांनी सभा सुटल्यावर थांबावे. ही तपासणी कुठे होते ते मी विचारून ठेवले आहे.