अॅडमिरल गॉडफ्रे : एका आरमारी कारकीर्दीची अखेर

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेल्या आपल्या या शहरात बसून आरमाराविषयी बोलणे वरकरणी अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या मलिक अंबराने खडकी, म्हणजे आपले हेच शहर, वसविली त्यानेच निजामशाहीच्या वतीने जंजिऱ्यावर सिद्दी सरदार नेमले, आणि पुढे औरंगजेबाच्या अमदानीत तेच सिद्दी मोगलांच्या आरमाराचे धनी होऊन तनखा घेऊ लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे समुद्राचे राजकारण किनाऱ्यावरच घडते असे नाही, त्याचे हुकूम पुष्कळदा दूरच्या राजधानीतून सुटतात, हे सहज कळून येते. आज ज्या ब्रिटिश दर्यासारंगाच्या कारकीर्दीविषयी मी बोलणार आहे, त्याचे मुख्य दफ्तरही मुंबईच्या बंदरात नव्हते, ते होते दिल्लीत. आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत खलाशांचा जो संप झाला, त्याच्या अनेक कारणांपैकी हे अंतरही एक होते, असे माझे मत आहे.

जॉन हेन्री गॉडफ्रे यांचा जन्म १८८८ सालचा. १९०३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते ‘ब्रिटानिया’ या शिक्षणनौकेवर रुजू झाले. त्या काळचे ब्रिटिश आरमार म्हणजे पोरवयातच मुलाला घरापासून तोडून, शिडी-दोर, होकायंत्र आणि वरिष्ठांचा हुकूम यांवर त्याची सारी बुद्धी घडविणारी शाळा होती. तिने निर्भय आणि काटेकोर अधिकारी निर्माण केले यात संशय नाही; मात्र हुकूम वरून खाली जातो तशी तक्रार खालून वर यावी, याची वाट त्या शाळेत फारच अरुंद होती.

२५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले, तेव्हा गॉडफ्रे ‘युरायलस’ या युद्धनौकेवर मार्गदर्शक अधिकारी होते. पहाटेच्या शांत समुद्रात त्या नौकेच्या होड्या लँकेशायरच्या पलटणीला घेऊन एका अरुंद पुळणीकडे निघाल्या. किनाऱ्यावर काटेरी तारांची जाळी पसरलेली होती, काही तारा तर पाण्याखाली दडलेल्या होत्या. होड्या टेकेपर्यंत तुर्की बाजू निःशब्द राहिली आणि मग एकदम गोळीबार सुरू झाला. अपुऱ्या माहितीवर आखलेल्या मोहिमेची किंमत शिपायांनी रक्ताने चुकविली. गॉडफ्रे यांनी पुढे माहिती गोळा करण्याचे जे शास्त्र उभारले, त्याच्या मागे हा किनारा असावा असे मला वाटते.

मधल्या वीस वर्षांत त्यांनी आरमारी महाविद्यालयातील अध्यापन, मुख्यालयातील योजना-खाते आणि भूमध्य समुद्रात ‘रिपल्स’ या बलाढ्य युद्धनौकेचे नेतृत्व अशी हुद्द्यांची एकेक पायरी ओलांडली. परंतु त्यांचे खरे कर्तृत्व दिसले ते १९३९ च्या आरंभी आरमारी गुप्तवार्ता खात्याची सूत्रे हाती आल्यावर. लंडनच्या मुख्यालयातील एकोणचाळीस क्रमांकाच्या खोलीत त्यांनी वकील, पत्रकार, प्राध्यापक, दलाल अशी आरमारी शिरस्त्यात न बसणारी माणसे जमविली. इयान फ्लेमिंग हा त्यांचा खासगी साहाय्यक तिथलाच. पुढे त्याने लिहिलेल्या हेरकथांतील प्रमुखाच्या व्यक्तिरेखेत गॉडफ्रे यांचीच छाया आहे असे मानले जाते. बातमी आणणारा किती भरवशाचा आणि प्रत्यक्ष बातमी किती संभवनीय, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तोलून प्रत्येक अहवालावर तशी खूण करण्याची पद्धत त्यांच्या खात्याने रूढ केली. आपल्याला न आवडणारी बातमीही खरी असू शकते, हे अधिकाऱ्याला मान्य करावयास लावणारी ही पद्धत होती, आणि म्हणूनच तिचे महत्त्व मोठे.

१९४२ साली ब्रिटिश नभोवाणीवरून जनतेला एक विनंती करण्यात आली : युद्धापूर्वी सहलीला गेला असाल, तर युरोपच्या किनाऱ्याची छायाचित्रे आणि चित्रपत्रे धाडून द्या. गॉडफ्रे यांच्याच पुढाकाराने ऑक्सफर्ड येथे उभ्या राहिलेल्या भूवर्णन-विभागासाठी ही विनंती होती. घराघरांतील संग्रहांतून चित्रांचा असा लोंढा आला की तो निवडण्यासाठी माणसे अपुरी पडली. कुणा मुलाच्या मागे दिसणारी पुळण, कुणा आजीच्या पाठीमागचा बंधारा यांवरून किनाऱ्याचा उतार ताडला गेला. सामान्य माणसाजवळही राज्यकर्त्याला ठाऊक नसलेले काही असते आणि ते नम्रपणे मागितले तर मिळते, ही गोष्ट या खात्याला पुरती उमगली होती.

त्याच वर्षी सहकाऱ्यांशी आणि इतर खात्यांशी झालेल्या तीव्र मतभेदांमुळे गॉडफ्रे यांना त्या जागेवरून हलविण्यात आले, आणि १९४३ च्या आरंभी ते रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख म्हणून हिंदुस्थानात आले. त्यांच्या लौकिकाच्या मानाने ही बढती नव्हती, पाठवणी होती.

हे आरमार तेव्हा अवघे आठ-नऊ वर्षांचे होते. त्यापूर्वीच्या ‘रॉयल इंडियन मरीन’चे त्यात रूपांतर झाले ते ऑक्टोबर १९३४ मध्ये, आणि ते घडवून आणण्यात सर हंफ्रे वॉलविन या अधिकाऱ्याचा वाटा मोठा होता. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत ‘वॉरस्पाइट’ नौकेचे सुकाणू अडकून ती शत्रूच्या तोफांसमोर गरगर फिरू लागली असता, पेटलेल्या मजल्यामजल्यांतून फिरून आगी विझविणारे आणि भोके बुजविणारे ते हेच वॉलविन. मरीनचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून येत. कोकणी मुसलमान घराण्यांत तर ही नोकरी वतनासारखी चालत आली होती. युद्ध सुरू झाले तेव्हा दोन हजारांच्या आत असलेली खलाशांची संख्या युद्ध संपेतो वीस हजारांवर गेली, आणि नवे आलेले तरुण वेगळे होते : इंग्रजी शिकलेले, बिनतारी संदेश आणि रडार हाताळणारे, वर्तमानपत्रे वाचणारे. भरतीच्या वेळी त्यांना मोठमोठी आश्वासने दिली गेली होती. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला आला तो निकृष्ट भात-डाळीचा शिधा, गोऱ्या खलाशाहून कमी पगार आणि तोंडावर फेकलेल्या शिव्या.

कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन-शाळेत १ डिसेंबर १९४५ रोजी, आरमारदिनाच्या सकाळी, भिंतींवर ‘जय हिंद’ आणि ‘चले जाव’ रंगविलेले आढळले. गुप्तवार्ता खात्याची सूत्रे सांभाळलेल्या अधिकाऱ्याला याहून स्पष्ट बातमी कोणती हवी होती? परंतु शोध झाला तो भिंत कुणी रंगविली याचा. का रंगविली याचा नव्हे. फेब्रुवारीत ‘तलवार’वरील खलाशी बलईचंद दत्त पकडले गेले. तळावरच्या किंग नावाच्या कमांडरने खलाशांना घातलेल्या शिव्यांची तक्रार वेळेवर तडीस गेली नाही, आणि १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वरील खलाशांनी अन्न आणि काम दोन्ही नाकारले. पाहता पाहता सत्तराहून अधिक जहाजे आणि वीसएक तळ संपात सामील झाले. कराचीत ‘हिंदुस्थान’ नौकेवरून तोफाही डागल्या गेल्या.

गॉडफ्रे विमानाने मुंबईस आले. २१ फेब्रुवारीला, आरमाराच्या कॅसल बरॅक्समध्ये गोळीबार चालू असतानाच, त्यांनी आकाशवाणीवरून खलाशांना उद्देशून भाषण केले. सरकारजवळ प्रचंड सामर्थ्य आहे, ते पुरेपूर वापरले जाईल, आणि त्यात ज्या आरमाराचा तुम्हांला अभिमान आहे ते नष्ट झाले तरी बेहत्तर, असा त्याचा आशय होता. ज्याच्या खात्यासाठी चार वर्षांपूर्वी नभोवाणीने सामान्यांकडे त्यांच्याजवळची माहिती मागितली, त्याच अधिकाऱ्याने आपल्याच खलाशांशी नभोवाणीवरून बोलताना एकही प्रश्न विचारू नये, ही गोष्ट आजही वाचताना मनाला बोचते. त्यांच्या बाजूने इतके मात्र म्हटले पाहिजे की पगाराचे दर आणि युद्धानंतर सैन्य कमी करण्याचे धोरण त्यांच्या एकट्याच्या हाती नव्हते. पण शब्द त्यांचे होते.

मुंबईने उत्तर दिले. बरॅक्सभोवती प्रथम मराठा पलटणीचे जवान तैनात होते. पुढे गोरे शिपाई आणण्यात आले. गेटवेपाशी माणसे भाकऱ्यांची पुडकी, फळे, दुधाची भांडी घेऊन जमली, आणि खलाशांच्या लहान होड्या ती भरून जहाजांकडे नेऊ लागल्या; पहाऱ्यासाठी उभ्या केलेल्या हिंदी शिपायांनीही त्यांना हात दिला. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या. परळ-लालबागच्या चाळींवर गोळ्या सुटल्या, त्यांत कार्यकर्त्या कमल दोंदे मृत्युमुखी पडल्या. दोनशेहून अधिक नागरिक त्या दोन-तीन दिवसांत मारले गेले. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला सकाळी जहाजांवर काळी निशाणे चढली आणि संप मिटला.

पुढील महिन्यातच गॉडफ्रे यांच्या जागी व्हाइस अॅडमिरल माइल्स आले. न्यायमूर्ती सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला, आणि अन्नापासून वर्णभेदापर्यंत खलाशांनी मांडलेल्या बहुतेक तक्रारी सकारण होत्या, असे त्याच्या अहवालात नमूद झाले. गॉडफ्रे मायदेशी परतले. महायुद्धातील एवढ्या मोठ्या कामगिरीबद्दल त्यांना कोणताही किताब मिळाला नाही, आणि हा अन्याय त्यांच्या चरित्रकारांनी बोलून दाखविला आहे. गुप्तवार्ता खात्यातील कामापुरता तो अन्याय मलाही मान्य आहे. निवृत्तीत त्यांनी अनेक खंडांच्या आठवणी खासगीरीत्या छापून घेतल्या. ‘तलवार’वरच्या आणि जहाजांवरच्या शेकडो तरुणांना मात्र बडतर्फीचा कागद आणि घरी जाण्याचे तिकीट एवढेच मिळाले. पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला, पण त्याच्या आरमारातही त्यांना परत घेण्यात आले नाही.