चाकाचा कल



मोटारींच्या शर्यतीशी कामगार चळवळीतल्या माणसाचा संबंध काय, असे आपल्या मनात आले असेल. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण गॅरेजात आणि युनियनच्या कचेरीत झाले. टायर कोणत्या काठाने झिजला ते पाहून गाडीचे काय बिनसले ते ओळखावे, हा तिथला पहिला धडा.

गाडीच्या मागे उभे राहून पाहा. मागच्या चाकाचा माथा आत झुकलेला असेल, तर त्याला उणे कॅम्बर म्हणतात. शर्यतीच्या गाडीला तो मुद्दाम देतात. जोराच्या वळणावर गाडीचे अंग बाहेर कलते आणि बाहेरच्या बाजूचा टायर आपल्या बाहेरच्या काठावर येऊ पाहतो. आधीच आत झुकवलेले चाक अशा वेळी सपाट बसते, जमीन घट्ट धरते. पण सरळ रस्त्यावर तेच चाक आतल्या काठावर धावते, आणि तो काठ तापतो. म्हणून गाडी ट्रॅकवरून येताच मिस्त्री टायरची आतली, मधली व बाहेरची बाजू किती तापली ते मोजतो. आतला काठ फारच तापला तर कल कमी करायचा. बाहेरचा तापला तर वाढवायचा. वळणावर मिळवलेले सरळ रस्त्यावर फेडावे लागते, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब कोणी ताणला तर काय होते? 30 जून 2013 रोजी इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत आघाडीवरच्या हॅमिल्टनचा मागचा डावा टायर फाटला. पाठोपाठ मासा आणि व्हेर्न यांचेही तेच झाले. पिरेली कंपनीने कारणे सांगितली, ती अशी: मागचे टायर डावे-उजवे बदलून लावले, हवा कमी ठेवली, कल अतिरेकी दिला आणि गाड्या ट्रॅकच्या कडांवर जोरात चढवल्या. संघांना वेग हवा होता. जीव मात्र चालकाचा टांगणीला होता.

या चालकांची 1961 साली स्थापन झालेली संघटना आहे. पुन्हा असे घडले तर जर्मनीतल्या शर्यतीतून आम्ही तत्काळ बाहेर पडू, असे तिने जाहीर केले. त्या शर्यतीसाठी टायर बदलले, मागच्या चाकाच्या कलाला अडीच अंशांची मर्यादा आली. हे एकट्या चालकांमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. टायरवाल्यांनाही ते हवे होते. पण संघटित माणसाचा शब्द ऐकावा लागतो, एवढे खरे.

आता पुढचे ऐका. 7 जुलैला न्युरबुर्गरिंगवर टायर फाटले नाहीत. मात्र एक गाडी चाक नीट बसण्यापूर्वीच पिटमधून सुटली. तिचे मागचे चाक निखळून एका कॅमेरावाल्याला लागले; त्याच्या बरगड्या आणि गळ्याचे हाड मोडले. पिटमध्ये काम करणाऱ्यांना शिरस्त्राण सक्तीचे झाले ते त्यानंतर.

ही हकीकत वाचली तेव्हा आम्ही आमची जुनी मागणीपत्रे काढून पाहिली. कायम कामगारांची कलमे पानभर होती. चाके उचलणाऱ्या कंत्राटी पोरांसाठी एका पत्रात शेवटची ओळ होती, दुसऱ्यात तीही नव्हती. ती पत्रे आम्हीच लिहिली होती. आमच्याही चाकाला कल होता, श्रोतेहो, आणि झिजत होता तो आतला काठ. पुढच्या मागणीपत्राची सुरुवात आम्ही त्या पोरांपासून केली.