एक फोटो जवळून, एक लांबून



माझ्या छंदाबद्दल चार शब्द बोलायला मला सांगितलं आहे. मी इमारतींचे फोटो काढते, पण ते पाहून कोणालाही इमारत ओळखता येत नाही! कारण त्यात अख्खी इमारत नसतेच. असतात फक्त रेषा, सावल्या आणि पुन्हापुन्हा येणारे आकार. इंटरमीजिएटच्या परीक्षेला आपण संकल्पचित्र काढायचो, ते आठवा. इथे आकार आधीच उभे असतात, आपण फक्त चौकट ठरवायची.

या कलेतलं मोठं नाव म्हणजे लुसियाँ हर्वे. १९४९ साली त्यांनी मार्सेय इथे ल कॉर्बुझिए यांच्या, तेव्हा बांधकाम चालू असलेल्या इमारतीचे एका दिवसात ६५० फोटो काढले आणि त्यांना पाठवले. तेव्हापासून १९६५मध्ये ल कॉर्बुझिए जाईपर्यंत हर्वे त्यांचे छायाचित्रकार होते. चंडीगडही त्यांनी टिपलं. छापलेल्या फोटोला सरळ कात्री लावून ते नको तो भाग कापून टाकत. काय सोडायचं हे कळणं, यातच या कलेचं मर्म आहे.

पण सोडायच्या आधी ते नीट पाहायला हवं. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींवर खिडक्यांच्या वर भुवयांसारखे छज्जे आहेत. उन्हं कलली की त्यांच्या सावल्यांची सुंदर नक्षी होते. पण ते छज्जे आहेत ऊन-पाऊस अडवायला. चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही २८ मजली इमारत १९८३ साली पूर्ण झाली. तिचे कोपरे सुरीने कापल्यासारखे दिसतात. तिथे दोन मजले उंचीचे व्हरांडे आहेत. पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, तसं ऊन आणि पाऊसही येतो. त्यावरचा तो तोडगा आहे. म्हणजे प्रत्येक नक्षीला कारण असतं.

वरळीच्या बीडीडी चाळींपुढे मात्र हात थबकतो. १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळी. एकसारख्या खिडक्यांच्या रांगा, फोटोसाठी अगदी हव्या तशा. पण त्या खिडकीमागे १६० चौरस फुटांची खोली, त्यात अख्खं कुटुंब, आणि मजल्यावर सामाईक संडास. आता तिथे पुनर्विकास सुरू आहे. रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतं, ही आनंदाचीच गोष्ट. पण चाळ पाडल्यावर माझ्याकडे नुसत्या चौकोनांचा फोटो उरला, तर त्यातून तिथलं जगणं कोणाला कळणार?

सॉफ्टवेअरमध्येही आम्ही तपशील झाकतो, पण आत काय आहे याची नोंद ठेवतो. तोच नियम मी इथे पाळते. प्रत्येक इमारतीचे दोन फोटो. एक जवळून, नक्षीचा. दुसरा लांबून, रस्ता, माणसं, वाळत घातलेले कपडे यांसकट. आणि दुसऱ्याखाली नाव, जागा, तारीख.

आज जेवणाची घंटा होण्याआधी आपल्या शाळेचेही असे दोन फोटो काढा. एक जिन्याच्या कठड्याचा किंवा खिडकीच्या गजांचा. दुसरा अख्ख्या इमारतीचा, आपण सगळे त्यात उभे असलेला. मोबाइल पुरेसा आहे. खाली नावं मात्र न विसरता लिहा.