संसदेतल्या बायका मोजायच्या कशा?

संसदेत बायका किती, यात अमुक देश पहिला आणि भारत तमक्या नंबरावर, अशी बातमी अधूनमधून येते. हे आकडे बहुतेक वेळा जिनिव्हाच्या आंतर-संसदीय संघाचे असतात. हिशोब सोपा आहे : कनिष्ठ सभागृहात शंभर जागांमागे बायका किती. आपल्या लोकसभेत २०२४ साली ५४३ पैकी ७४ जणी निवडून आल्या. रवांडात २०१३ साली ८० पैकी ५१ जणी होत्या.

आता लगेच 'आपण किती मागे' म्हणू नका. आधी विचारा, तिथे जागा भरतात कशा? रवांडात २४ जागा बायकांसाठी राखीव आहेत, आणि ५३ जागांसाठी पक्ष नावांची यादी देतात. दहा नावांच्या यादीत चार बायकांची घालता येतात. आपल्याकडे एका मतदारसंघात पक्षाचं तिकीट एकच. ते बाईला द्यायचं तर एखाद्या भाऊसाहेबांना घरी बसवावं लागतं. म्हणून अभ्यासक निवडणुकीची पद्धत सारखी असलेले देश शेजारी ठेवतात. ब्रिटनमध्येही एका मतदारसंघातून एकच खासदार. तिथे २०२४ साली ६५० पैकी २६३ जणी आल्या. मजूर पक्षाने १९९७ च्या निवडणुकीसाठी काही मतदारसंघांत उमेदवारी फक्त बायकांमधूनच ठरवली होती, त्याने मोठा फरक पडला. म्हणजे पद्धतीचं निमित्तही आपल्याला फार पुरत नाही!

दुसरा प्रश्न अधिकाराचा. संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय परिषदेत निम्म्या बायका आहेत, पण ती परिषद मुख्यतः सल्ला देणारी. सरपंचबाईंच्या खुर्चीत नवरा बसलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि इमारतसुद्धा मोजावी लागते बरं का. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात पहिली बाई १९१७ साली आली. सभागृहाजवळ महिला सदस्यांसाठी स्वच्छतागृह झालं २०११ साली! कामकाजाच्या वेळा, पाळणाघर, छळाची तक्रार कुठे करायची, हेही आता अभ्यासक विचारतात.

आपल्याकडे एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ साली झाला. तो लागू व्हायचा जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. तोवर एक मोजणी आपल्यालाही जमेल. संसदेच्या २४ विभागीय स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ जागा. सदस्यांची नावं संसदेच्या संकेतस्थळावर असतात. गटातल्या कॉलेजच्या मुलींना सांगा : अर्थ, संरक्षण आणि गृह या समित्यांत बायका किती, अध्यक्ष कोण, वहीत लिहून आणा. पुढच्या बैठकीत वाचू.