हाताच्या हाडातला मोडका स्क्रू

कडबाकुट्टीत सापडून किंवा पडून आपल्या बोटाचं हाड मोडलं, की डॉक्टर त्यात तार, पट्टी किंवा स्क्रू बसवतात. हे स्क्रू बहुधा १.५ ते २ मिलिमीटर जाडीचे. हाड जुळण्याआधीच आपण धुणं-भांडी, खुरपणी सुरू केली, तर ते मोडू शकतात.

मोडलं म्हणजे काढायलाच हवं, असं मात्र नाही. हाड जुळलं असेल आणि त्रास नसेल, तर तुकडा बहुतेक वेळा आतच राहू देतात. तो काढायला भोवतीचं हाड कोरावं लागतं, आणि बोटाच्या हाडात जागा ती किती! पण हाड जुळलं नसेल, पू येत असेल, टोक टोचत असेल, तर डॉक्टरांकडे लगेच जाऊ या.

बाहेर आलेली तार घरी ओढायची नाही. स्क्रू त्याच्याच मापाच्या स्क्रूड्रायव्हरनं निघतो, म्हणून पहिल्या ऑपरेशनचे कागद रेशनकार्डासारखे जपू या.

स्क्रू काढल्यावर हाडात भोकं राहतात. ती भरेपर्यंत काही आठवडे हंडा-कळशी घरातल्या दुसऱ्यांनी उचलायची. हे सांगायला आपण लाजायचं नाही.