सिरिंजमध्ये प्लेटलेट किती?

भिवंडीत अस्थिरोगतज्ज्ञ एकत्र जमले की गुडघ्याचा विषय निघणारच. यंत्रमागावरचा कामगार बारा-बारा तासांची पाळी उभ्याने काढतो. एकाच्या अंगावर चार-सहा माग असतात. इकडे धागा तुटला, तिकडे कांडी संपली, की कोब्यावर येरझारा सुरू. पूर्णा, काल्हेर, मानकोलीच्या गोदामांत हमालाच्या खांद्याला आणि कमरेला दिवसभर उसंत नसते. घरी बायका जमिनीवर बसून भाकऱ्या थापतात. मग पन्नाशीच्या आत-बाहेर कुणाला पाटावर बसता येत नाही, कुणाला नमाजाला गुडघे टेकता येत नाहीत. ओपीडीत एकच वाक्य रोज ऐकू येतं: ‘डॉक्टरसाहेब, गुडघ्यातलं वंगण संपलंय म्हणतात, ते भरून मिळतं का?’

सांधेदुखीवर या तालुक्याने उपाय पूर्वीपासून शोधले आहेत. तानसेच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. 1739 मध्ये वसई घेतल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडायला वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं, ही हकीकत इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आणि देवीच्या दर्शनाला येणारा भाविक कुंडात गुडघे शेकून जातो, हेही नवीन नाही. गरम पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, घटकाभर बरं वाटतं. कुणी त्याला खोटं म्हणत नाही, आणि कुंडाचा मालक झीज भरून देण्याची हमीही देत नाही. इंजेक्शनच्या जाहिरातीत मात्र ती हमी सर्रास दिसते.

आजचा विषय आहे पीआरपी, म्हणजे प्लेटलेट भरपूर असलेला रक्तद्रव. प्लेटलेट हा शब्द भिवंडीकराला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की ‘काउंट किती?’ हा प्रश्न गल्लीगल्लीत विचारला जातो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, हे नातेवाइकांना तोंडपाठ झालेलं असतं. 1882 मध्ये इटलीच्या बिझ्झोझेरोंनी या कणांचं काम ओळखलं, तेव्हा ते रक्त गोठवतात एवढंच कळलं होतं. पुढे 1974 च्या सुमारास ध्यानात आलं की त्यांच्या पोटातल्या कणिकांत पेशींना वाढायला लावणारे घटकही असतात. जखम झाली की प्लेटलेट तिथे फुटतात, हे घटक सांडतात आणि डागडुजीला सुरुवात होते. हीच सामग्री दुखऱ्या जागी एकवटून नेऊन सोडावी, असा यामागचा साधा तर्क.

कृतीही तशी साधीच. हाताच्या शिरेतून रक्त घ्यायचं, ते गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळायचं आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. नळी बाहेर काढली की तळाला गडद लाल पेशी, त्यांच्यावर दुधट रंगाची अगदी पातळ साय आणि वर गवती पिवळा द्रव. सगळं मर्म त्या सायीपाशी आहे. तिच्या वरचा द्रव किती घ्यायचा, साय घ्यायची की टाळायची, एकदा फिरवायचं की दोनदा, यावर सिरिंजमध्ये काय उतरतं ते ठरतं. साय घेतली की पांढऱ्या पेशीही येतात आणि सांधा काही दिवस जास्त ठणकण्याची शक्यता वाढते. एकाच नावाखाली दोन दवाखान्यांत दोन वेगळे पदार्थ टोचले जातात, ते असे.

हे तंत्र गुडघ्यात आलं दंतवैद्यकाच्या वाटेने. 1998 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडरोपणात ते वापरून दाखवलं. मग खेळाडूंनी उचललं. टायगर वूड्स आणि राफाएल नदाल यांची नावं आली आणि जगभर रांगा लागल्या. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 2010 मध्ये स्नायूत पीआरपी टोचण्यावर बंदी घातली आणि 2011 मध्ये उठवलीसुद्धा. खेळात त्याने जादा ताकद येते असा पुरावा मिळाला नाही. (आपल्याकडे मात्र ‘खेळाडू घेतात’ एवढंच वाक्य शिल्लक राहिलं.)

गुडघ्याच्या झिजेवर याचा उपयोग होतो का? भारतातलाच एक चांगला अभ्यास चंदीगडच्या पीजीआयचा आहे, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला. दोन्ही गुडघे दुखणाऱ्या 78 रुग्णांचे तीन गट केले. कुणाला पीआरपीचं एक इंजेक्शन, कुणाला तीन आठवड्यांच्या अंतराने दोन आणि कुणाला नुसतं सलाइन. पांढऱ्या पेशी गाळून काढलेल्या होत्या. पीआरपीवाल्यांना स्पष्ट आराम पडला, सलाइनवाल्यांना नाही. दोन इंजेक्शनांनी एकापेक्षा जास्त काही साधलं नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत आराम थोडा ओसरायला लागला होता.

आता ऑस्ट्रेलियाकडे पाहू. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 288 रुग्ण होते. प्रत्येकाला आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना सलाइन. वर्षभराने दहापैकी वेदनेचा आकडा पीआरपी गटात सरासरी 2.1 ने घटला आणि सलाइन गटात 1.8 ने. एमआरआयवर कूर्चेची झीज दोन्हीकडे जवळपास सारखीच. म्हणजे मिठाचं पाणी टोचूनही बहुतेक तेवढाच आराम मिळाला. ‘माझ्या पेशंटला फरक पडला’ हे वाक्य पुरावा म्हणून का चालत नाही, ते इथे कळतं.

टीकाकारांनी लगेच बोट ठेवलं ते प्लेटलेटच्या आकड्यावर. ऑस्ट्रेलियात वापरलेल्या द्रवात साध्या रक्तापेक्षा फार जास्त प्लेटलेट नव्हत्याच, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी भारतातल्या एका अभ्यासात 8 मिलिलिटरमध्ये 1000 कोटी प्लेटलेट दिल्यावर फायदा वर्षभर टिकलेला दिसला. हा वाद अजून मिटलेला नाही. पण तो आकडा हातात धरून थोडं तोंडी गणित करायला हरकत नसावी.

रुग्णाचा काउंट दोन लाख धरा. एका मिलिलिटर रक्तात 20 कोटी प्लेटलेट झाल्या. दवाखान्यात 10 मिलिलिटर रक्त काढलं, तर त्यात एकूण 200 कोटी. सेंट्रिफ्यूज कितीही भारी असो, गाळणीत काही वाया जाणारच. उरलेल्यातून 1000 कोटी यायचे कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! त्या मात्रेला किमान 50 मिलिलिटर रक्त हवं, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच. दहा मिलिलिटरची नळी फिरवून तीन मिलिलिटर पिवळं पाणी टोचणं आणि त्याचे हजारांत पैसे घेणं, हे त्या अभ्यासांचं नाव सांगून करता येत नाही. मीटरवर मजुरी मिळवणाऱ्या माणसाचे ते पैसे असतात. आणि इंजेक्शननंतर दोन दिवस घरी बसला, तर त्या दिवसांचाही खाडा पडतो.

मार्गदर्शक संस्थांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेसाठी पीआरपी नकोच, असं ठामपणे सांगितलं. कारण दिलं ते प्रत्येकाची कृती वेगळी असण्याचं. तिथल्याच अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने 2021 मध्ये ‘वेदना कमी होऊ शकते’ अशी मर्यादित संमती दिली. टेनिस एल्बोचं चित्र जरा बरं आहे. 2010 मध्ये नेदरलँड्समध्ये 100 रुग्णांवर तुलना झाली. स्टिरॉइडचा आराम लवकर आला आणि ओसरला, पीआरपीचा हळू आला आणि वर्षभर राहिला. टाचेमागच्या कंडरेत मात्र पीआरपीने निराशाच केली.

तेव्हा निवड रुग्णाची करायची. एक्स-रेवर ग्रेड दोनची झीज, वय फार नाही, व्यायाम आणि वजन उतरवणं दोन्ही करून पाहिलं आहे, अशा माणसाला पीआरपी सुचवणं समजू शकतं. हाडाला हाड घासतंय, पाय बाकदार झालाय, त्याला ते विकू नये. त्याच्याशी शस्त्रक्रियेचं बोलावं. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा आणली, नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा 54,720 रुपयांवर आला, हेही त्याला सांगावं. आणि ज्याने मांडीच्या स्नायूंचा व्यायाम एक दिवसही केलेला नाही, त्याला आधी फिजिओथेरपिस्टकडे धाडावं. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. याला ना सुई लागते ना सेंट्रिफ्यूज.

या व्यासपीठावरून एकच मागणी आहे. पीआरपी दिल्यावर केसपेपरवर पाच गोष्टी लिहाव्यात: झिजेची ग्रेड, रक्त किती काढलं, द्रव किती टोचला, त्यात प्लेटलेट किती होत्या आणि पांढऱ्या पेशी ठेवल्या की गाळल्या. सहा महिन्यांनी रुग्णाला बोलावून वेदनेचा आकडा त्याच कागदावर टिपावा, आणि कागदाची प्रत त्याच्या हातात द्यावी. प्लेटलेट मोजायला नवं यंत्र लागत नाही. डेंग्यूचा काउंट काढणारी लॅब भिवंडीत नाक्यानाक्यावर आहे. टोचण्याआधी त्याच द्रवाचे चार थेंब तिथे पाठवले, की संध्याकाळच्या आत आकडा येतो.