शाकाहारी माणूस जपानमध्ये काय खातो?
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'जपानमधले अनुभव' असा विषय दिला आहे. पण काल संध्याकाळपासून जो भेटतोय तो एकच विचारतोय, "अरे, तू तिथे इतकी वर्षं खाल्लंस काय?" तेव्हा बुलेट ट्रेन आणि वक्तशीरपणा बाजूला ठेवतो, ते तुम्ही पुष्कळ ऐकलेलं आहे. जेवणाबद्दलच बोलतो.

आमचं घर माळकऱ्यांचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मधल्या सुट्टीत डबे एकत्र व्हायचे तेव्हा अंड्याची पोळी असलेला डबा माझ्यापासून दोन हात लांब ठेवायची काळजी तुम्हीच घ्यायचात. १९९१ साली कंपनीनं मला ओसाकाजवळच्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं. गावातल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, माळ काढून देव्हाऱ्यात ठेव, परत आलास की घाल. वडील काही बोलले नाहीत. त्यांच्या पहिल्या पत्रात मात्र शेवटी एक ओळ होती, "माळ आहे ना?" पुढच्या पत्रातही तीच. त्यामुळे काय खायचं हा माझ्यासाठी नुसता जिभेचा प्रश्न नव्हता.

पहिली अडचण शब्दांची. 'निकू' म्हणजे मांस. 'मी निकू खात नाही' असं सांगितलं की समोरचा हसून मान डोलावतो आणि मासे आणून ठेवतो. त्याचं काही चुकत नाही, कारण त्यांच्या बोलण्यात मासा हा 'निकू'त धरतच नाहीत. याला मोठा इतिहास आहे. सन ६७५ मध्ये तेन्मू सम्राटानं गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला वर्षातले काही महिने बंदी घातली. पुढे अशा बंद्या पुन्हा पुन्हा आल्या, बौद्ध विचाराचा प्रभाव राहिला, आणि पार १८७२ साली मेईजी सम्राटानं गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं तेव्हा तो संकोच मोडला. या सगळ्या काळात मासा मात्र सहसा बंदीत नव्हता. आपल्या कोकणातल्या मंडळींना हे समजायला जड जाऊ नये!

मासे नको म्हटलं तरी सुटका नाही, कारण खरी गोम 'दाशी'त आहे. दाशी म्हणजे तिथल्या स्वयंपाकाचं पायाभूत पाणी. 'कात्सुओ' नावाचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि त्याचे पातळ काप किसून उकळत्या पाण्यात टाकतात. हे पाणी मिसोच्या सारात असतं, नूडल्सच्या रश्शात असतं, शिजवलेल्या भोपळ्यात आणि मुळ्यात असतं. ताटात सगळ्या भाज्याच दिसतात, मासा कुठेही दिसत नाही, पण तो सगळीकडे असतो. थंडगार टोफूवरही तेच काप भुरभुरतात, आणि गरम पदार्थावर घातले तर वाफेनं हलतात. आपल्याकडे फोडणीत मोहरी असते तितकं ते त्यांना सहज आहे. "यात मासा आहे का?" असं विचारलं तर "नाही" म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी तो मासा नसतो, ती चव असते.

मग पहिले दोन महिने मी काय खाल्लं? साधा भात, मीठ, केळी, दूध, आणि भाताचे गोळे, ज्यांच्या पोटात 'उमेबोशी' नावाचं खारवलेलं आंबट फळ असतं. मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचं ते चुलतभावंड समजा. रविवारी कोबेला जायचं. ते जुनं बंदर, तिथे मोत्यांच्या आणि कापडाच्या व्यापारातली भारतीय कुटुंबं पूर्वीपासून आहेत. १९८५ साली बांधलेलं संगमरवरी जैन मंदिरही आहे. तिथे तूरडाळ आणि हिंग मिळायचं. पण वसतिगृहाच्या खोलीत शेगडी लावायला परवानगी नव्हती, म्हणून डाळ नुसती बघायला आणायची. भारतीय हॉटेलंही होती. नान, पनीर, दाट लाल रस्सा. वाईट नाही, पण ते आपल्या घरचं कुठे होतं? ज्वारीची भाकरी आठवणाऱ्याला नान म्हणजे परदेशच.

एकादशीला मात्र माझी चंगळ. थंडीत संध्याकाळी भाजक्या रताळ्यांची गाडी फिरते, गाडीवाला सुरात ओरडत जातो. गरम दगडांवर भाजलेलं रताळं, आतून मधासारखं. शेंगदाणे चिबा प्रांतातले, टपोरे. उपासाच्या दिवशी पोटभर आणि एरवी अर्धपोटी, असा आमचा उलटा वारकरी संप्रदाय होता.

कारखान्याच्या खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना 'ओबासान' म्हणत, म्हणजे आपल्या मावशीच. मी ताट अर्धं परत करतो हे त्या रोज बघत. एके दिवशी त्यांनी सरळ विचारलं, आजारी आहेस का? माझ्या तोडक्या जपानीत मी देवाचं नाव, वडील, माळ असं सगळं सांगितलं. शर्टाच्या आतून माळ काढून दाखवली. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे शोजिन."

हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. शोजिन म्हणजे बौद्ध मठातलं जेवण. त्यात मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, आणि कांदा-लसूणही नाही. आपला चातुर्मासच! दाशी करतात ती 'कोंबू' या समुद्रातल्या रुंद पानाची आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. मावशींची आई घरात कुणी वारलं की काही दिवस असाच स्वयंपाक करायची, त्यामुळे त्यांना तो येत होता. इतके दिवस मी 'व्हेजिटेरियन' म्हणत होतो आणि त्यांना ते एखादं पथ्य वाटत होतं. दुसऱ्या दिवसापासून मोठ्या पातेल्याशेजारी एक लहान पातेलं आलं. त्याची पळी वेगळी, आणि ती चुकून दुसरीकडे जाऊ नये म्हणून दांड्याला लाल दोरा बांधलेला. चारशे माणसांच्या स्वयंपाकात एका परक्या पोरासाठी हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी वडिलांना पळीचं लिहिलं. त्यानंतरच्या पत्रांत माळेची चौकशी आली नाही, "मावशींना नमस्कार सांग" असं येऊ लागलं.

तिथपासून माझी नजर बदलली. आपलं जेवण आपल्या नावानं शोधायचं सोडलं, तेव्हा ते जागोजागी भेटायला लागलं. 'सातोइमो' म्हणजे अळकुडीच, तिच्या देठांचीही भाजी करतात. मुळा तर हातभर लांब. 'किनाको' हे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ डाळ्याच्या पिठाच्या जवळचं. आणि अझुकी! ही लाल कडधान्याची जात आपल्या मुगा-चवळीच्या कुळातली. ती शिजवून, साखर घालून, गाळून जे होतं त्याला 'आन' म्हणतात. आपण त्याला पुरण म्हणतो.

१९९८ साली आई आली. कोंबू म्हटल्यावर तिला कोंबडी आठवली आणि दोन दिवस ती साराला शिवेना. मी तिला कोयासानला घेऊन गेलो. ओसाकाहून आगगाडी, मग डोंगरावर दोरानं ओढली जाणारी गाडी. कूकाई या भिक्षूनं नवव्या शतकात वसवलेला तो मठांचा गाव, तिथे मुक्कामाला राहता येतं. रात्री लाल चौरंगांवर लहान लहान वाट्या आल्या. तिळाचा 'गोमा-दोफू' तिला खरवसासारखा लागला. कांदा-लसूण नाही म्हटल्यावर तिनं विचारलं, "यांचा चातुर्मास बारा महिने असतो का रे?" परत आल्यावर तिनं दुकानातलं तयार 'आन' आणून, जायफळ घालून पोळ्या केल्या. रंग काळपट, चव जवळजवळ तीच. पुरणयंत्राचे कष्ट वाचले, याचंच तिला जास्त कौतुक.

आपल्यातले काही जण परदेशात गेले आणि खायला लागले. त्यांना मी नावं ठेवत नाही. प्रत्येकाला लाल दोऱ्याची पळी मिळतेच असं नाही.

आपल्या एका मैत्रिणीची मुलगी पुढच्या महिन्यात टोकियोला निघाली आहे, तिनं काय न्यावं असं मला काल विचारलं. गोडा मसाला आणि हिंगाची डबी ने. छोटा कुकर ने. 'शोजिन' आणि 'कोंबू दाशी' हे दोन शब्द पाठ कर, आणि 'कात्सुओ' जपानी अक्षरांत ओळखायला शिक, कारण पाकिटावर तो बारीक लिहिलेला असतो. शेंगदाणे नेऊ नकोस, तिथले चांगले असतात.